आठ डिझेल टेम्पोंपैकी किती विजेवर न्यावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: कुंडई औद्योगिक वसाहतीतील गोदामातून बिस्किटे, शीतपेये आणि किराणा माल पोहोचवणारे तुमचे आठ डिझेल टेम्पो बदलून विजेवरच्या मालवाहू गाड्या घ्यायच्या असतील, तर कोणत्या कंपनीची कोणती गाडी निवडावी, आणि आठही एकदम बदलाव्यात की टप्प्याटप्प्याने. सहा ठरलेल्या मार्गांची रोजची अंतरेही तुम्ही दिली आहेत, हे चांगले केलेत: फोंडा शहर ४० किलोमीटर, पणजी–ताळगाव ६५, म्हापसा–कळंगुट ९०, मडगाव–केपे ९५, वाळपई १०० आणि काणकोण १५०. उरलेल्या दोन गाड्या गरजेप्रमाणे फिरतात आणि त्यांतली एक आठवड्यातून एकदा बेळगावला जाते.

गेली बावीस वर्षे मी गोव्यातच वितरणाच्या गाड्यांचे काम पाहतो आहे आणि त्यांतल्या काही गाड्या २०२२ च्या अखेरीपासून विजेवर आहेत. कंपनीचे नाव हा या निर्णयातला सर्वांत शेवटचा प्रश्न आहे, असे माझे मत झाले आहे. आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. जुलैतल्या सर्वांत वाईट दिवशी, पूर्ण माल भरलेला असताना, गाडीला एका चार्जिंगवर किती किलोमीटर जावे लागेल ही पहिली. आणि त्या रात्री ती नेमकी कुठे उभी असेल ही दुसरी. या दोन्हींची उत्तरे कागदावर आली की बाजारातल्या बहुतेक गाड्या आपोआप गळतात आणि दोन-तीनच उरतात.

पल्ल्यापासून सुरुवात करू. माहितीपत्रकात १५० ते १६० किलोमीटर लिहिलेले असते. तो आकडा खोटा नसतो, पण तो चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतला असतो; त्यात फर्मागुढीचा चढ नसतो आणि दर दीडशे मीटरवर थांबून क्रेट उतरवणारा मदतनीसही नसतो. एक टन वर्गातल्या गाड्यांमध्ये साधारण २१ युनिट क्षमतेची बॅटरी असते. आपल्याकडच्या चढउतारांवर, माल भरून, पावसात वायपर आणि दिवे चालू ठेवून, माझ्या गाड्यांना किलोमीटरमागे ०.१८ युनिटच्या आसपास लागते. बॅटरीत पंधरा टक्के शिल्लक ठेवूनच गाडी परत आली पाहिजे असा नियम धरला, तर वापरायला १८ युनिट उरतात, म्हणजे १०० किलोमीटर. हा झाला नव्या गाडीचा हिशेब. पाच-सहा वर्षांनी बॅटरीची क्षमता ऐंशी टक्क्यांवर आली, की तीच गाडी त्याच नियमाने ८० किलोमीटरच जाईल. गाडीचे कर्ज फिटून ती खरा नफा द्यायला लागते तेव्हाच पल्ला कमी झालेला असतो, म्हणून मार्ग नव्या बॅटरीवर न ठरवता जुन्या बॅटरीवर ठरवावा. ८० पर्यंतचा मार्ग डोळे झाकून विजेवर न्यावा. ८० ते १०० चा मार्ग दुपारी तासभर चार्जिंगची सोय असेल तरच न्यावा. साध्या ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर एका तासात सुमारे तीन युनिट, म्हणजे सोळा-सतरा किलोमीटर मिळतात. जेवणाच्या सुट्टीत तेवढे पुरते.

चढाबद्दल विक्रेते फार मोघम बोलतात, म्हणून तो हिशेबही देतो. मालासह दोन टन वजनाची गाडी उभ्या शंभर मीटरने वर चढवायला, मोटारीतील गळती धरून, सुमारे ०.६ युनिट जादा लागते. उतारावर मोटार जनित्रासारखी चालून त्यातला काही भाग बॅटरीत परत येतो. माझ्या अनुभवात निम्म्याच्या आसपास. याचा अर्थ असा की मंगेशी, फर्मागुढी किंवा पणजीचे आल्तिनो यांना घाबरण्याचे कारण नाही. मोटारीचा जोर पहिल्या क्षणापासून मिळत असल्यामुळे चढावर थांबून पुन्हा निघताना ही गाडी डिझेलपेक्षा सरस ठरते. क्लच जळल्याचा वास येत नाही आणि मागे घसरण्याची भीतीही कमी. अनमोडचा घाट मात्र वेगळा आहे. चढ पाचशे मीटरचा धरला तरी त्या एकाच टप्प्यात तीन युनिट जास्तीचे जातात आणि पुढे बेळगाव बरेच लांब असते. तुमची बेळगावची फेरी डिझेलवरच राहू द्या.

आता वर्ग. तीनचाकींत महिंद्रा ट्रिओ झोर साधारण ५५० किलो आणि ऑयलर हायलोड ६८८ किलो माल नेते. चारचाकींत टाटाची एस ईव्ही मे २०२२ मध्ये ६०० किलोसाठी जाहीर झाली, २०२४ मध्ये तिचीच एक टनाची आवृत्ती आली, आणि जून २०२५ मध्ये १४.४ युनिट बॅटरीची, ७५० किलोची एस प्रो ईव्ही आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली महिंद्रा झिओ ७६५ किलोपर्यंत माल नेते. याच्या वर स्विच मोबिलिटीच्या आयईव्ही ३ आणि आयईव्ही ४ आहेत, अनुक्रमे १.२ आणि १.७ टन वर्गातल्या.

तीनचाकी स्वस्त असते आणि फोंड्याच्या बाजारात किंवा पणजीच्या फोंतेन्यासच्या बोळांत तिच्यासारखी सोय नाही. पण राष्ट्रीय महामार्गावर तिचा वेग कमी पडतो, पणजीच्या अटल सेतूवर तिला प्रवेश नाही, आणि पावसात चालक व माल दोघेही भिजतात. तुमच्या मार्गांपैकी फक्त फोंडा शहर तिला शोभेल.

वजनाच्या आकड्यात एक मेख असते. माहितीपत्रकातला ७५० किलोचा आकडा बहुधा उघड्या हौद्याच्या गाडीचा असतो. त्यावर तुम्ही बंद कंटेनर चढवलात की त्या कंटेनरचे वजन तुमच्या मालातून वजा होते. शीतपेयांची गाडी वजनाने आधी भरते आणि बिस्किटांची जागेने, म्हणून दोन्ही एकाच मापाच्या घेऊ नयेत. बिस्किटांसाठी उंच, हलका कंटेनर चालतो. मात्र तुमच्या मार्गांवरच्या वाड्यांत जुन्या घरांच्या कमानी आणि खाली लोंबणाऱ्या तारा किती उंचीवर आहेत, हे चालकाला विचारूनच उंची ठरवा. आमच्या एका कंटेनरचा वरचा कोपरा पहिल्याच आठवड्यात एका कमानीला घासला, तो आजही तसाच आहे.

मासळी नेण्याचा विचार पुढे-मागे असेल तर त्याबाबत जरा सविस्तर सांगतो. मासळीच्या पेटीतले बर्फाचे पाणी खारट असते. डिझेल गाडीत ते हौद्यातून खाली टपकत राहते आणि कोणी लक्ष देत नाही; विजेच्या गाडीत त्याच जागी, हौद्याच्या खाली, बॅटरी आणि नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या केबली असतात. बॅटरीची पेटी आयपी ६७ दर्जाची, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी बंदिस्त असते, पण तिचे नटबोल्ट, कंस आणि जोडण्यांच्या पिना यांना रोजचे खारे पाणी सोसत नाही. एकदा एका गाडीला चार्जिंग अधूनमधून तुटण्याचा त्रास झाला, म्हणून खालची एक जोडणी उघडली, तर आतल्या तांब्यावर हिरवा थर चढलेला होता. तेव्हापासून मी प्रत्येक पेटीच्या तळाला एका कोपऱ्यात नळी लावून पाणी मागच्या चाकाच्याही मागे सोडतो. शीतगृहासारखी गाडी हवी असेल, तर पल्ला खाणारे कूलिंग यंत्र चालत्या बॅटरीवर लावण्यापेक्षा, रात्री गोदामातल्या विजेवर गोठवून दिवसभर थंडावा देणाऱ्या पट्ट्या बसवलेली पेटी आपल्यासारख्या छोट्या राज्यात जास्त परवडते.

आता गोदामाकडे वळतो, कारण माझ्या पाहण्यात जेवढे व्यवहार फसले तेवढे गाडीमुळे नव्हे तर गोदामामुळे फसले. चार गाड्या एका वेळी साध्या चार्जरवर लावल्या तर सुमारे १३ किलोवॅट भार येतो, सहा लावल्या तर २०. तुमच्या बिलावर मंजूर भार किती आहे ते आजच पाहा. तो पुरेसा नसेल तर वीज खात्याकडे वाढीव भाराचा अर्ज गाडीची आगाऊ रक्कम भरण्याआधी गेला पाहिजे, कारण जवळच्या ट्रान्सफॉर्मरवर जागा नसली तर तुमच्या गाड्या येऊन उभ्या राहतील आणि वीज येणार नाही. गाड्या संध्याकाळी सातला परततात आणि पहाटे पाचला निघतात असे धरले, तर दहा तास हाताशी असतात. रिकामी बॅटरी भरायला सात तास लागतात, आणि बहुतेक गाड्या पूर्ण रिकाम्या होऊन येत नाहीत. त्यामुळे निम्म्या गाड्या सातला आणि उरलेल्या रात्री अकराला चालू होतील असे टायमर लावले, तर कमी भारातही काम भागते आणि संध्याकाळच्या कमी दाबाच्या विजेचा त्रासही टळतो.

अर्थिंगकडे कोणी बघत नाही. आपल्या पठारांवर खाली चिरा, म्हणजे जांभा दगड, आहे आणि चिऱ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी पडली की वीज जमिनीत मुरू देत नाही. आमच्या गोदामात नोव्हेंबरमध्ये बसवलेले चार्जर डिसेंबर ते मार्च उत्तम चालले आणि मेच्या पहिल्या आठवड्यात एकामागून एक लाल दिवा दाखवून बंद पडू लागले. गाडीच्या कंपनीचा माणूस चार्जरला दोष देत होता, चार्जरवाला गाडीला. शेवटी एका जुन्या वायरमनने अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतले आणि पाच मिनिटांत सगळे दिवे हिरवे झाले. त्यानंतर आम्ही आणखी खोल, रसायन भरलेली दोन नवी अर्थिंग केली. तुमची अर्थिंग पावसाळ्यात मोजू नका. मेमध्ये मोजा, आणि तो आकडा ठेकेदाराकडून लेखी घ्या. प्रत्येक चार्जरला स्वतंत्र सर्किट आणि वीजगळती होताच बंद होणारा स्वतंत्र स्विच हवा. घरगुती सोळा अँपिअरच्या सॉकेटवर सात-सात तास सलग भार पडला की पिना तांबूस होतात आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास येऊ लागतो, म्हणून औद्योगिक प्रकारचे, फिरवून घट्ट बसणारे प्लग घ्या. चार्जिंगची जागा छपराखाली आणि जमिनीपासून उंच ठेवा.

आपल्याकडची एक पद्धत या सगळ्यात आडवी येते. अनेक चालक संध्याकाळी टेम्पो घरीच नेतात, कारण सांगे किंवा डिचोलीच्या आतल्या गावाला रात्री बस नसते. डिझेल गाडीला त्याने काही बिघडत नव्हते. विजेची गाडी मात्र रात्री गोदामातच असायला हवी, नाहीतर चालकाच्या घरी स्वतंत्र सॉकेट, अर्थिंग आणि उपमीटर बसवून त्याचे बिल तुम्ही भरायला हवे. हे आधी चालकांशी बसून ठरवा. न ठरवता गाडी दिलीत, तर कोणीतरी स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून ती चार्ज करील, आणि ते मी स्वतः पाहिले आहे.

पैशाचा हिशेब आता मांडता येतो. डिझेल टेम्पो लिटरमागे १५ किलोमीटर देतो आणि डिझेल ८८ रुपये आहे असे धरले, तर किलोमीटरमागे ५ रुपये ८७ पैसे पडतात. विजेच्या गाडीला चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर किलोमीटरमागे ०.२ युनिट लागते. तुमचा दर ७ रुपये धरला तर १ रुपया ४० पैसे. फरक सुमारे साडेचार रुपये. रोज ८० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस चालणाऱ्या गाडीवर यातून १ लाख ७ हजार रुपये वाचतात. रोज ४० किलोमीटरच चालणाऱ्या गाडीवर त्याच्या निम्मे. गाडीच्या किमतीतला फरक चार लाखांचा असेल, तर पहिली चार वर्षांच्या आत तो फेडते आणि दुसरी साडेसात वर्षे घेते. म्हणजे पल्ल्याच्या दृष्टीने सर्वांत सोपा असलेला तुमचा फोंड्याचा मार्ग पैशाच्या दृष्टीने सर्वांत कमजोर आहे. तिथे चारचाकी न घेता स्वस्त तीनचाकीच घ्यावी, याचे खरे कारण हे. सार्वजनिक जलद चार्जरवर युनिटला २० रुपये मोजावे लागले तर किलोमीटरमागे ४ रुपये जातात आणि बचतीचा मोठा भाग तिथेच संपतो. तो चार्जर अडचणीसाठी ठेवा, रोजच्या मार्गाचा आधार म्हणून नको.

सवलतींबाबत विक्रेता जे सांगतो त्यातले सगळेच तुमच्या उपयोगाचे नसते. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि सप्टेंबर २०२५ पासून डिझेल मालवाहू गाडीवर १८ टक्के, पण तुम्ही नोंदणीकृत व्यापारी असल्याने मालवाहू गाडीवर भरलेला कर तुम्हाला तुमच्या कर देयकातून वळता करता येतो. म्हणून तुलना कराविना किमतींची करा. २०१८ पासून विजेच्या वाहतूक वाहनांना परवान्यातून सूट आहे, हेही अभिमानाने सांगितले जाते. तीन टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला तो परवाना मुळातच लागत नव्हता. नोंदणी शुल्कातली सूट आणि तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यातली १५ टक्के सवलत मात्र खरोखर हातात पडते. राज्याचे अनुदान हिशेबात धरू नका. मिळाले तर ते वरकड समजा.

वॉरंटीच्या कागदात वर्षे आणि किलोमीटर यांच्यापलीकडे तीन गोष्टी वाचा: क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून मिळते, पाण्याने झालेले नुकसान त्यात धरले आहे का, आणि बॅटरीतला एक भाग बिघडला तर तेवढाच बदलतात की जुनी दुरुस्त केलेली पेटी देतात. बॅटरी लोह-फॉस्फेट प्रकारची असावी; आपल्या उष्णतेत ती जास्त सुरक्षित असते आणि जास्त वेळा भरता येते. या प्रकारात टक्केवारी दाखवणारा आकडा हळूहळू चुकायला लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा तरी ती पूर्ण शंभरपर्यंत भरू द्यावी. एकदा आमची एक गाडी अठरा टक्के दाखवत असताना जुवारी पुलाच्या चढावर बंद पडली होती; तेव्हापासून सोमवारची रात्र शंभर टक्क्यांची ठरली आहे. अशी बंद पडलेली गाडी दोर बांधून ओढू नये, कारण चाके फिरली की मोटारही फिरते आणि वीज तयार करू लागते. ती सपाट हौद्याच्या गाडीवरच न्यावी लागते. म्हणून सेवा केंद्र किती दूर आहे यापेक्षा, लॅपटॉप घेऊन येणारा प्रशिक्षित माणूस गोव्यातच राहतो की कोल्हापूर-बेळगावहून येतो, हे विचारा. माझ्या एका गाडीचे साधे सॉफ्टवेअरचे काम त्याची वाट पाहत नऊ दिवस अडून राहिले होते, आणि ते डिसेंबरचे नऊ दिवस होते.

डिसेंबरचा उल्लेख आला म्हणून कळंगुटबद्दल सांगतो. पर्यटनाच्या दिवसांत तिथल्या कोंडीत डिझेल गाडी उभ्या-उभ्या इंधन जाळते, तर विजेची गाडी थांबलेली असताना जवळपास काहीच खात नाही. शिवाय आवाज नसल्यामुळे काही हॉटेले पहाटे साडेचारलाही माल उतरवून घेतात. अंतर ९० असले तरी हा मार्ग मी विजेवरच नेईन, म्हापशातल्या एखाद्या मोठ्या ग्राहकाकडे दुपारच्या चार्जिंगची सोय लावून.

तेव्हा तुमच्या आठांपैकी चार, असे माझे उत्तर आहे. पहिल्या वर्षी पणजी–ताळगाव आणि म्हापसा–कळंगुट यांसाठी एक टन वर्गातल्या दोन चारचाकी आणि फोंड्यासाठी एक तीनचाकी घ्या. पहिला पावसाळा नीट गेला की मडगाव–केपे, पण तिथेही दुपारी चार्जिंगची जागा आधी पक्की करूनच. वाळपईचे १०० किलोमीटर आजच्या गाड्यांना काठावर आहेत आणि त्या भागात जूनच्या पहिल्या वादळी पावसात झाडे तारांवर पडून रात्र-रात्र वीज जाते, तेव्हा तो मार्ग थांबू द्या. काणकोण आणि बेळगाव डिझेलवरच राहतील. मोकळ्या होणाऱ्या डिझेल गाड्यांपैकी सर्वांत चांगली एक विकू नका. वीज गेलेल्या रात्रीनंतरच्या सकाळी तीच लागेल.

निवड करताना दोन कंपन्यांकडून तीन-तीन दिवसांसाठी चाचणीची गाडी मागवा आणि ती रिकामी न चालवता तुमच्याच मालाने भरून, तुमच्याच चालकाच्या हाती, म्हापसा–कळंगुटवर पाठवा. प्रत्येक थांब्यावर टक्केवारी आणि किलोमीटर त्याला वहीत लिहायला सांगा. तीन दिवसांची ती दोन पाने मला पाठवलीत, तर दोन्हींपैकी कोणती घ्यावी ते मी नक्की सांगू शकेन.